वूलपॅकमधला खोपा

दुपारी बाराच्या सुमाराला एव्हिस प्रीस वूलपॅक पबच्या दारातून मान वाकवून आत शिरायची. खरं तर वाकायचं तिला काही कारण नव्हतं. दाराची चौकट बुटकी होती, पण एव्हिस तिच्याहूनही बुटकी. मात्र ताडमाड उंच नवऱ्याच्या मागून त्या दारातून जाण्यात अख्खा संसार गेलेला. तो वाकला की ही वाकायची. केन जाऊन बरीच वर्षं झाली, तरी दार आलं की मान आपली वाकायचीच.

आत आल्यावर बारमागच्या कार्लीला हात करायचा, आणि शेकोटीजवळच्या खोप्यात जाऊन बसायचं. खोपा म्हणजे पबच्या कोपऱ्यात ओकच्या लाकडी भिंती उभारून केलेली एवढीशी खोली. पाच माणसं गुडघ्याला गुडघा लावून बसतील; सहावं आलं तर पहिल्यानं उठावं. त्याला अंगणाकडून एक अरुंद दार, आणि बारच्या बाजूला हातभर रुंदीची सरकती खिडकी, ग्लास आतबाहेर करण्यापुरती. लाकूड हातांनी आणि पाठींनी घासून घासून काळंभोर झालेलं.

ऑर्मस्टन गावाचा या खोप्यावर फार जीव. सरकारनं जुन्या वास्तूंची यादी केली तेव्हा वूलपॅकचं नाव तीत चढलं ते या खोप्यामुळे. बाहेर पितळी पाटी आहे : सतराव्या शतकातली ओकची खोली. आणि पाटीवर जे मावलं नाही ते सांगायला नॉरिस गिटिन्स आहे. हा गृहस्थ टपालखात्यातून निवृत्त झाल्यावर गावात आला आणि इतिहास मंडळाचा अध्यक्ष होऊन बसला. कुणी पाहुणा दिसला की नॉरिस ग्लास घेऊन त्याच्या टेबलाशी हजर. "लढाई हरलेला एक राजा," आवाज खाली आणून तो सांगायचा, "रातोरात पळत आला आणि इथं, या खोलीत, उजाडेपर्यंत लपून बसला. शिपाई बाहेर बिअर पीत होते आणि हा आत श्वास रोखून."

एव्हिस खोप्यात बसून हे सगळं ऐकायची आणि हातातल्या ग्लासाकडे बघायची. कारण तो खोपा कुणी बांधला, कधी बांधला आणि कुणासाठी बांधला, हे आता जगात तिला एकटीला ठाऊक होतं.

केन प्रीस मूळचा सुतार. लग्नानंतर थोड्याच वर्षांत दोघांनी वूलपॅक चालवायला घेतला. मालकी बिअरच्या कंपनीची, राबणं यांचं. इमारत तेव्हाही जख्ख म्हातारी होती. लोकरीचे व्यापारी खाली गाठोडी ठेवायचे आणि वर झोपायचे, त्या काळातली. जमीन इतकी तिरकी, की पायाखाली पुठ्ठे घातल्याशिवाय एक टेबल सरळ उभं राहील तर शपथ. छत धुरानं चहाच्या रंगाचं झालेलं. केन म्हणायचा, "रंग कशाला द्यायचा? पुढच्या आठवड्यात पुन्हा हाच होणार."

आणि बुधवारचा बाजार! आजच्या मुलांना सांगून पटणार नाही. सकाळी अकराच्या आत वेल्सच्या डोंगरातून मेंढ्या घेऊन आलेले शेतकरी दाराशी दाटी करायचे. ओल्या लोकरीचा वास, ओल्या कुत्र्यांचा वास, तंबाखूचा धूर. त्यातून पलीकडचं माणूस दिसायचं नाही, फक्त त्याची तक्रार ऐकू यायची. एव्हिसचा उजवा हात बिअरचा पंप ओढून ओढून डाव्यापेक्षा जाड झाला होता. मेंढ्यांचे सौदे बाहेर व्हायचे, पण पक्के व्हायचे ते इथं आत, थुंकी लावलेल्या तळहातावर तळहात आपटून. दुपारी डॉमिनोचे डाव, संध्याकाळी बाणफेक, आणि पब बंद व्हायची शेवटची घंटा झाली की प्रत्येकाला अचानक भयंकर तहान लागायची. एव्हिसला विचाराल तर सुख म्हणजे तेच. पाय दुखायचे, पण आपण कुणाच्या तरी मोजणीत आहोत असं वाटायचं.

या सगळ्याच्या डोक्यावर, माडीवर, राहायला आली एव्हिसची आई, टॅबिथा.

टॅबिथाबाई म्हणजे चॅपेलचं, दारूला पाप मानणाऱ्या साध्या प्रार्थनाघराचं माणूस. बारा वर्षांची असताना दारूला शिवणार नाही म्हणून शपथ घेतलेली. वूलपॅक दिसला की आयुष्यभर रस्ता ओलांडून पलीकडच्या बाजूनं गेली. लेकीनं सुताराशी लग्न केलं ते चाललं, येशूही सुतारच होता. पण त्या सुतारानं पब घेतला तेव्हा तिनं वर्षभर लेकीच्या घरी पाऊल टाकलं नाही. मग नवरा गेला, घर भाड्याचं होतं तेही गेलं, आणि बाईंना ट्रंक घेऊन पबच्याच माडीवर यावं लागलं. नशीब माणसाची थट्टा करतं ती अशी.

वर एकटीनं बसून ती संध्याकाळभर विणकाम करायची. फळ्यांच्या फटींतून खालचं हसणं वर यायचं. एव्हिस ताट घेऊन वर गेली की म्हणायची, "तो कोण गं मघाशी एवढा हसत होता?"

"बेनेट खाटिक, आई. त्याच्या डुकरानं पाद्र्याची बाग खाल्ली."

"आवाज फार होतो," आई म्हणायची. मग थोड्या वेळानं, "सगळी खाल्ली?"

तिच्या अंगात रक्त कमी आहे म्हणून डॉक्टरांनी रोज ग्लासभर काळी स्टाउट बिअर घ्यायला सांगितली. तेव्हा डॉक्टर असं सर्रास सांगत. औषध म्हणजे काही दारू नव्हे, तेव्हा शपथ मोडली नाही. पण ते औषध खिडकीला पाठ करून एकटीनं पिणाऱ्या त्या बाईकडे बघून केनला राहवत नसे.

"आई, खाली या ना," तो एकदा म्हणाला. "शेकोटी आहे. चार माणसं आहेत."

"केनेथ, मी पबात बसत नाही."

"मग कुठं बसता?"

"चॅपेलमध्ये बसते. आणि तेही तुम्ही लोक पाडताय."

पाडणारा केन नव्हता, नगरपालिका होती. गावातलं जुनं चॅपेल, टॅबिथाबाईचं बालपण, लग्न, नवऱ्याची शेवटची प्रार्थना, सगळं जिथं झालं ते, मोटारी उभ्या करायला जागा हवी म्हणून पाडायचं ठरलं होतं. आतली बाकं आणि बाकांच्या रांगेत शिरायचे छोटे दरवाजे तीनशे वर्षांपूर्वीच्या ओकचे. पाडणारे गडी ते जाळायला निघाले. लाकूड वाया जाताना पाहिलं की केनला घास गिळवत नसे. त्यानं गड्यांना बिअरचं एक अख्खं पिंप दिलं आणि सगळं लाकूड हातगाडीवर घालून मागच्या अंगणात आणलं.

त्या काळी रविवारी दुपारी कायद्यानं पब बंद असायचे. एक हिवाळाभर दर रविवारी केन शेकोटीच्या कोपऱ्यात ठोकाठोक करत राहिला. लोखंडाचा खिळा म्हणून मारला नाही. सगळ्या लाकडाच्याच खुंट्या, हातानं तासलेल्या. बाकांचे दरवाजे उलटे करून भिंती केल्या, उरलेल्यांतून एक बाक. कुणाला दिसू नये म्हणून दार अंगणाकडून ठेवलं आणि ग्लास घ्यायला बारकडून खिडकी. एव्हिसनं विचारलं तर म्हणाला, "कोळसा ठेवायला करतोय." इतक्या सुबक कोळशाच्या कोठीवर कोण विश्वास ठेवणार?

झाल्यावर तो माडीवर गेला आणि सासूला हाताला धरून अंगणातून आत घेऊन आला.

"हा पब नाही, आई. एक फळीसुद्धा पबची नाही. सगळं चॅपेलचं आहे. हा बाक तुमचाच, डावीकडचा तिसरा."

टॅबिथाबाईनं बाकाच्या काठावरून हात फिरवला. एका जागी खड्डा होता. लहानपणी प्रवचन लांबलं की ती तिथं नखानं कोरायची. तिनं तो बरोबर शोधून काढला आणि तिथंच बसली.

पुढचं सांगायला मजा येते. महिन्याभरात तिची एक मैत्रीण आली, 'टॅबिथाची तब्येत बघायला'. मग दुसरी. मग चॅपेलची पेटी वाजवणारी. गुरुवारी बायबल वाचन संपलं की टोप्या घातलेल्या चार-पाच बायका अंगणातून मुंग्यांसारख्या रांगेनं आत. ताकाला जाऊन भांडं कसं लपवावं हे त्यांच्याकडून शिकावं. बारमधून फक्त काय दिसायचं, तर खिडकी सरकायची आणि हातमोजा घातलेला एक हात रिकामा ग्लास घेऊन बाहेर यायचा. एव्हिस ग्लास भरायची, हात आत जायचा, खिडकी बंद. सबंध बारला माहीत होतं कुणाचा हात आहे. पेटीवालीचा नवरा तर समोरच डॉमिनो खेळत बसलेला असायचा. पण एकानं कधी तोंडातून शब्द काढला नाही, की त्या बाजूला मान वळवली नाही. खिडकी सरकली की सगळे एकदम हवेविषयी बोलायला लागायचे. ऑर्मस्टनमध्ये सभ्यपणा म्हणजे हाच : डोळ्यांना दिसलेलं तोंडाला कळू द्यायचं नाही.

याच सभ्यपणानं पुढे घोटाळा केला.

त्याच सुमाराला कंपनीच्या डोक्यात आलं की वूलपॅक आधुनिक करायचा. आतलं सगळं तोडायचं, प्लास्टिकची टेबलं, लाल गालिचा, गाण्याचं मशीन. एव्हिस रात्र रात्र झोपली नाही. आणि नेमका तेव्हाच, जुन्या वास्तू तपासत फिरणारा एक सरकारी तज्ज्ञ, गळ्याला फुलपाखरी बो लावलेला, पाऊस चुकवायला आत आला. खोपा दिसला आणि त्याचा ग्लास हवेतच राहिला. लाकडावर बोटं फिरवली, खुंट्या पाहिल्या, वास घेतला. "सतरावं शतक," तो पुटपुटला. मग बारकडे वळून त्यानं मोठ्यानं विचारलं, "ही खोली कुणी, कशासाठी बांधली, काही सांगता येईल?"

बार भरलेला होता. एकूण एक माणसाला माहीत होतं. पण कुणी बांधली सांगायचं तर कुणासाठी हेही सांगावं लागलं असतं, आणि दिवस गुरुवारचा होता. आत पाच टोप्या श्वास रोखून बसल्या होत्या. त्यातल्या कुणाची बायको, कुणाची आई, कुणाची मोठी बहीण. पेटीवालीच्या नवऱ्यानं डॉमिनोची सोंगटी मांडली आणि म्हणाला, "उद्या उघडेल असं वाटतंय." सगळ्यांनी माना डोलावल्या.

तज्ज्ञानं केनकडे पाहिलं. केनचे कान लाल झाले होते. "मी आलो तेव्हापासून हे असंच आहे, असं समजा," तो म्हणाला. तज्ज्ञानं ते समजून घेतलं, वर्षाच्या आत वूलपॅक यादीत चढला, आणि यादीतल्या वास्तूची मोडतोड कायद्यानं बंद असल्यामुळे कंपनीचा लाल गालिचा गुंडाळून ठेवावा लागला. पब वाचला. झाकली मूठ सव्वा लाखाची.

पण मूठ झाकून ठेवायची म्हणजे ती आयुष्यभर आवळून धरावी लागते, हे तेव्हा कुणाच्या लक्षात आलं नाही. लोक लांबून खोपा पाहायला यायचे. "काय हात होते हो त्या काळच्या कारागिरांचे," म्हणायचे, "आता असं काम होणे नाही." केन ग्लास पुसत उभा. एकदा एकानं त्यालाच समजावून सांगितलं की असा सांधा करायचं कसब आता जगातून नाहीसं झालंय. केन म्हणाला, "असेल बुवा." त्या दिवशी दुपारी अंगणात तो उगाचच एका फळीला रंधा मारत बसला होता. टोप्या एकेक करून गेल्या, टॅबिथाबाई गेली, डॉमिनोवाले गेले. मग केनही गेला. दफनाच्या वेळी पाद्री म्हणाला, मृत हा एक उत्तम पबवाला होता. सुतार होता हे कुणी म्हटलं नाही.

तर अशी गोष्ट आवळून एव्हिस रोज खोप्यात बसत होती, तेव्हा कार्ली आणि लूक यांनी पब चालवायला घेतला. नवराबायको तिशीतली, कामाला वाघ. पण नुसत्या बिअरवर आता पब चालत नाहीत. लोकांना जेवण लागतं. स्वयंपाकघर माडीवर, जिना उभा आणि वाकडा. एका रविवारी लूक गरम रस्स्याच्या भांड्यासकट त्या जिन्यावरून खाली आला आणि मनगट मोडून घेतलं. मग तपासनीस आले. म्हणाले, स्वयंपाकघर खाली आणा आणि त्याला अंगणात निघणारं दार करा, नाहीतर जेवण बंद. अंगणात निघायला जागा एकच होती, खोप्याची.

खोपा हलवायचा तर यादीवाल्यांची परवानगी हवी. अर्ज गेला. नॉरिस गिटिन्सच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. इतिहास मंडळानं गावभर पत्रकं लावली : आमचा राजा वाचवा.

"त्याला वाचवून साडेतीनशे वर्षं झाली की," कार्ली म्हणाली, पण तिच्या आवाजात दम नव्हता. एव्हिसजवळ बाकावर बसून ती बटाटे सोलत होती. "एव्हिस, तुम्हाला म्हणून सांगते. नाही म्हणाले तर सप्टेंबरअखेर आम्ही किल्ल्या परत देणार. कंपनी विकून टाकेल. बिल्डर येऊन गेलाय. वर-खाली राहायच्या खोल्या काढणार म्हणे. खोपा तसाच ठेवून. त्यात धुण्याचं मशीन बसतं, असं मोजून गेलाय."

एव्हिसनं घरी येऊन चहा केला आणि तो प्यायचा विसरली. तोंड उघडावं तर केनच्या हातची या पृथ्वीवर उरलेली एकमेव वस्तू जाणार. आईची शपथ चव्हाट्यावर येणार. मिटून ठेवावं तर खोपा राहील आणि पब जाईल, आणि केनच्या बाकावर कुणाचे तरी ओले मोजे वाळत पडतील. इकडे आड, तिकडे विहीर. "बोल की आता," ती केनच्या फोटोला म्हणाली. फोटोतही तो ग्लासच पुसत होता.

सगळे प्रत्यक्ष पाहायला आले तो मंगळवार होता. यादीच्या खात्यातली इमोजेन शॉ नावाची तरुण अधिकारी, दोन नगरसेवक, कार्ली, हाताला प्लास्टर घातलेला लूक, आणि कोटाला मंडळाचा बिल्ला लावून नॉरिस. एव्हिस आत खोप्यात बसून होती. खिडकीतून सगळं ऐकू येत होतं.

"मला तुमची अडचण कळते," इमोजेन कार्लीला म्हणत होती. "पण ही इमारत यादीत आहेच मुळी या खोलीमुळे. सतराव्या शतकातली खोली हलवा म्हणून मी सही करू शकत नाही."

"वा," नॉरिस म्हणाला.

खिडकी सरकली. आतून एक हात बाहेर आला आणि त्यानं रिकामा ग्लास बारवर ठेवला.

"ती खोली माझ्या नवऱ्यानं बांधलीय," एव्हिस म्हणाली.

सगळे खिडकीकडे वळले. मग नॉरिस अगदी मायेनं म्हणाला, "एव्हिस, औषध घेतलंस का आज?"

"घेतलं. तुझंच चुकलेलं दिसतंय." एव्हिस दार उघडून सगळ्यांसमोर आली. तिचा आवाज बुधवारच्या बाजारात वापरायची तोच होता. "केननं बांधलीय. चॅपेल पाडलं त्या हिवाळ्यात, रविवारी दुपारी. माझ्या आईसाठी. तिला चारचौघांत पबात बसायची लाज वाटायची, आणि एकटीनं बसवत नव्हतं, म्हणून. लाकूड जुनं आहे, ते खरं. खोली माझ्या लग्नाहूनही तरुण आहे."

"पण राजा—" नॉरिस म्हणाला.

"राजा नव्हता, नॉरिस. माझी आई होती. दर गुरुवारी. स्टाउट प्यायची."

तिनं लूकला एक फळी सैल करून तिची मागची बाजू दाखवायला सांगितली. इमोजेन गुडघ्यांवर बसली आणि तिनं बॅटरी आत धरली. मागच्या, पबच्या भिंतीला लागलेल्या बाजूला, उलट्या करून लावलेल्या दरवाजांवर, चॅपेलच्या बाकांचे रंगवलेले आकडे होते. चौदाच्या शेजारी तीन, तीनच्या शेजारी नऊ. इमोजेन उठली तेव्हा ती हसत होती.

"खरं सांगू? या खिडकीची खाच मला पहिल्या दिवसापासून खटकत होती. मशीनची करवत वाटायची. पण पितळी पाटीशी कोण वाद घालतं?" मग ती हळूच म्हणाली, "मिसेस प्रीस, तुम्हाला कळतंय ना? हे कळल्यावर मी परवानगी नाकारू शकणार नाही."

"कळतंय. म्हणून तर सांगितलं."

कार्लीनं दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. नॉरिसनं बिल्ला सारखा केला आणि एव्हिसकडे न बघता निघून गेला. तो नंतर कित्येक आठवडे तिच्याशी बोलला नाही. त्याचंही काय चुकलं म्हणा. राजा गमावल्यावर माणूस दुसरं काय करणार?

खोपा उतरवायला लूक आणि त्याचा भाऊ बसले, तेव्हा एव्हिस खुर्ची टाकून समोर होती. खुंट्या कोणत्या क्रमानं काढायच्या ते ती सांगत होती, कारण त्या घालताना केनला दिवा तिनंच धरला होता. फळ्या माळ्यावर नीट रचून ठेवल्या. बाक तेवढा राहिला, तो रस्त्याकडच्या खिडकीखाली मांडला. शेवटची चौकट निघाली आणि कोपरा एकदम मोठा, उघडा आणि मूर्ख दिसायला लागला. एव्हिस घरी गेली आणि दोन दिवस आली नाही. तिला वाटलं, आपण नवऱ्याला दुसऱ्यांदा पुरून आलो.

ऑक्टोबरात नवं स्वयंपाकघर सुरू झालं. पहिल्या शनिवारी वूलपॅक इतका भरला की कार्लीला ओरडून बोलावं लागत होतं. मटण भरलेल्या गरम पेस्ट्रीचा वास, कुत्री, मुलं. एव्हिस खिडकीखालच्या बाकावर सगळ्यांच्या देखत बसली होती, आणि हात कुठं ठेवावेत तिला कळत नव्हतं. शेजारच्या टेबलाशी डोंगर चढायचे बूट घातलेलं एक बाहेरगावचं जोडपं होतं. त्यातल्या गृहस्थानं नॉरिसला हाक मारली.

"अहो, इथं राजा लपला होता ती खोली कुठाय? आम्ही तेवढ्यासाठी वाट वाकडी करून आलो."

नॉरिस ग्लास घेऊन आला. त्यानं बाकाकडे पाहिलं, मग पहिल्यांदाच एव्हिसकडे. घसा खाकरला.

"राजा-बिजा कुणी नव्हता," तो म्हणाला. "इथं केन प्रीसची सासू बसायची. तिला बसता यावं म्हणून त्यानं आपल्या हातानं खोली बांधली होती. यादीवाल्या सरकारी माणसालाही ती तीनशे वर्षांची वाटली, असं काम."

गृहस्थ खो खो हसला. "जावयानं? सासूसाठी? मग राजाचीच गोष्ट सांगा, ती तरी पटण्यासारखी आहे."

"मलाही तीच आवडायची," नॉरिस म्हणाला. "पण ही खरी आहे. या बाईंना विचारा. नवरा त्यांचा."

चार-सहा चेहरे एव्हिसकडे वळले. या बारमध्ये तिनं हजारो ग्लास भरले होते, हजारो माणसांची गाऱ्हाणी ऐकली होती, पण त्या लाकडाचं कौतुक चाललं असताना नवऱ्याचं नाव तिला कधी घेता आलं नव्हतं.

"सुतार होता," ती म्हणाली. "केन प्रीस. फार चांगला सुतार होता माझा नवरा."

"आणि सासूबाई काय म्हणाल्या?" त्या गृहस्थाच्या बायकोनं विचारलं. तिला ते पटलेलं दिसत होतं. "एवढी खोली बांधून दिल्यावर?"

"आई?" एव्हिस म्हणाली. "म्हणाली, केनेथ, बाक कडक आहे."

सगळा बार हसला. नॉरिस तर टेबलाला धरून हसला. एव्हिसही हसत होती, आणि हसता हसता तिच्या गालांवरून पाणी वाहायला लागलं, पण ते पुसायला ती थांबली नाही, कारण अजून पुष्कळ सांगायचं होतं.

"मरेपर्यंत म्हणत होती," ती म्हणाली, "आणि मरेपर्यंत त्याच्यावरून उठली नाही."